बंदूक कशासाठी? परवान्याच्या अर्जातला एक रकाना आणि त्यामागचा इतिहास



मागच्या लेखात आपण ‘विषय’ आणि ‘संशोधन प्रश्न’ यांतला फरक पाहिला होता. त्यानंतर बऱ्याच जणांनी एकच गोष्ट विचारली : प्रश्न सापडतो कुठे? आज त्याचं उत्तर एका उदाहरणातून देतो. उदाहरण माझ्या मुख्य कामाच्या थोडं बाहेरचं आहे, पण मला प्रश्न तिथेच सापडला.

माझं एम.एस्सी. प्राणिशास्त्रातलं. पीएच.डी.चं काम विदर्भात रानडुकरांमुळे होणाऱ्या पिकांच्या नुकसानीवर. म्हणजे शेतात जायचं, खुरांचे ठसे मोजायचे, शेतकऱ्यांशी बोलायचं. मुलाखतीत एक प्रश्न असा होता : ‘पूर्वी डुकरं हाकलायला काय करायचे?’ म्हातारी माणसं तीन उत्तरं द्यायची. जागल, डबा वाजवणं आणि ठासणीची बंदूक. पहिली दोन मी लिहून घ्यायचो. तिसरं ऐकून सोडून द्यायचो, कारण माझ्या प्रश्नावलीत त्याला रकानाच नव्हता.

आणि गंमत अशी, की तशी बंदूक आमच्याच घरी होती. उमरेडकडे आमचं गाव आहे. आजोबांची ती बंदूक माजघरात खुंटीला टांगलेली असायची. परवान्यावर कारण लिहिलेलं होतं ‘पीकसंरक्षण’. मी आजीला एकदा विचारलं, आजोबांनी किती डुकरं मारली? आजी हसली. म्हणाली, “मारते कशाचे बाप्पा! बार काढे अन् डुकरं पळून जात. अन् बंदूक घरात हाये म्हटलं का मानूस जरा आदबीनं बोले.”

एका वाक्यात तिने दोन कारणं सांगितली, आणि परवान्यावर तिसरंच होतं. मारणं, घाबरवणं आणि मान. मग मला प्रश्न पडला : माणसं बंदूक का बाळगतात, आणि सरकार कोणतं कारण मान्य करतं? ही दोन उत्तरं कधी जुळतात का?

आधी ब्रिटनकडे पाहू

आपला शस्त्र कायदा इंग्रजांनी आणला, म्हणून मी सुरुवात त्यांच्या घरापासून केली. तुम्हीही कुठल्याही वसाहतकालीन कायद्याचा अभ्यास करणार असाल तर हे करा. त्या काळात मायदेशात काय चाललं होतं, ते शेजारी ठेवून पाहा.

इंग्लंडमध्ये १६८९ च्या हक्कांच्या सनदेत शस्त्र बाळगण्याचा उल्लेख आहे. लोक तो उल्लेख ‘प्रत्येक इंग्रजाला बंदुकीचा हक्क होता’ असा सांगतात. मजकूर नीट वाचला तर त्यात तीन अटी दिसतात. हा हक्क प्रॉटेस्टंट प्रजेला आहे, ज्याच्या-त्याच्या दर्जानुसार आहे आणि कायदा परवानगी देईल तेवढाच आहे. ‘दर्जानुसार’ हा शब्द उगाच आलेला नाही. १६७१ च्या शिकार कायद्याने वर्षाला १०० पौंड उत्पन्नाची जमीन नसलेल्या सामान्य माणसाला शिकारीसाठी बंदूक ठेवायला मनाई केली होती. म्हणजे धर्म आणि मालमत्ता या दोन चाळण्या सुरुवातीपासून होत्या.

एकोणिसाव्या शतकात मात्र तिथे बराच मोकळेपणा होता. १८७० च्या कायद्याने घराबाहेर बंदूक नेणाऱ्याला १० शिलिंगचा परवाना लागायचा आणि तो पोस्टात मिळायचा. हा खरं तर कर होता. ‘तुला बंदूक कशाला हवी?’ असं पोस्टातला कारकून विचारत नव्हता.

हे विचारायला सुरुवात झाली १९२० मध्ये. त्या वर्षीच्या कायद्याने रायफल आणि पिस्तूल बाळगण्यासाठी पोलिसप्रमुखाचं प्रमाणपत्र सक्तीचं केलं आणि अर्जदाराकडे ‘योग्य कारण’ असायला हवं अशी अट घातली. गुळगुळीत नळीच्या बंदुका, ज्या शेतकरी आणि शिकारी वापरायचे, त्या यातून वगळल्या होत्या. जाहीर चर्चेत गुन्हेगारीचं कारण दिलं गेलं. पण मंत्रिमंडळाची जी कागदपत्रं नंतर खुली झाली त्यांत वेगळी भीती दिसते. १९१७ ची रशियन क्रांती ताजी होती, महायुद्धातून परतलेले लाखो शिपाई होते, संप चालू होते, आयर्लंड पेटलं होतं. सरकारला चोरांपेक्षा बंडाची धास्ती जास्त होती.

पुढचा प्रवास भरभर सांगतो. १९४६ मध्ये गृहमंत्री चटर ईड यांनी संसदेत स्पष्ट केलं, की स्वसंरक्षणासाठी रिव्हॉल्व्हर हवं, हे यापुढे साधारणपणे योग्य कारण धरलं जाणार नाही. १९८७ मध्ये हंगरफर्डला एका माणसाने १६ जणांना मारलं आणि १९८८ मध्ये अर्धस्वयंचलित रायफलींवर बंदी आली. १३ मार्च १९९६ ला स्कॉटलंडमधल्या डनब्लेनच्या शाळेत १६ लहान मुलं आणि त्यांची शिक्षिका मारली गेली. दोन्ही ठिकाणच्या मारेकऱ्यांकडची शस्त्रं परवान्याची होती. १९९७ मध्ये दोन कायदे होऊन खाजगी पिस्तुलं जवळजवळ संपली. उत्तर आयर्लंड अपवाद राहिला. तिथे जिवाला धोका असलेल्या माणसाला आजही स्वसंरक्षणासाठी पिस्तूल मिळू शकतं.

मग आज ब्रिटनमध्ये बंदूक कोणाकडे असते? एकट्या इंग्लंड आणि वेल्समध्ये शॉटगनची प्रमाणपत्रं पाच लाखांच्या आसपास आहेत. कारणं साधी आहेत : शेतातले ससे, कावळे, कबुतरं, हरणांची संख्या आटोक्यात ठेवणं, शिकारीचा हंगाम, नेमबाजी. म्हणजे ‘हक्क’ ते ‘कर’ ते ‘योग्य कारण’ असा तीनशे वर्षांचा प्रवास झाला. त्यात स्वतःच्या जिवाचं रक्षण हे कारण हळूहळू बाहेर पडलं आणि पिकाचं रक्षण हे कारण टिकलं.

हे वाचताना मला आजोबांचा परवाना आठवला.

आता आपल्याकडे

आपल्याकडे गोष्ट उलट्या टोकाने सुरू होते. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघुजी भोसले वारले आणि नागपूरचं राज्य डलहौसीने खालसा केलं. चारच वर्षांत १८५७ आलं. जून महिन्यात नागपुरातल्या अनियमित घोडदळात उठावाची तयारी उघडकीला आली आणि ते घोडदळ निःशस्त्र करण्यात आलं. त्यानंतर देशभर शस्त्रं गोळा करणारे कायदे झाले आणि त्यांचं पक्कं रूप म्हणजे लॉर्ड लिटनच्या काळातला १८७८ चा शस्त्र कायदा.

या कायद्यात ‘शस्त्र’ म्हणजे फक्त बंदूक नव्हे. तलवार, खंजीर, भाला, एवढंच काय धनुष्यबाणही व्याख्येत आहे. परवान्याशिवाय शस्त्र घेऊन फिरायचं नाही.

इथे संशोधनाचा पहिला धडा. ‘हा कायदा वंशभेदी होता’ असं आपण शाळेपासून वाचतो. मी कायदा उघडला आणि भेदभाव करणारं कलम शोधू लागलो. सापडेना! दोन दिवस मला वाटत होतं, की मी चुकीची प्रत वाचतोय. भेदभाव कायद्यात नव्हता, तो नियमांत होता. कायद्याच्या २७ व्या कलमाने गव्हर्नर जनरलच्या सरकारला कोणालाही सूट देण्याचा अधिकार दिला आणि त्या अधिकाराखाली केलेल्या नियमांनी युरोपीय, अमेरिकन, आर्मेनियन वगैरेंना सूट मिळाली. कायद्याची भाषा स्वच्छ, आणि खरं काम परिशिष्टात. तेव्हा लक्षात ठेवा : कायदा वाचला आणि नियम वाचले नाहीत तर अर्धाच कायदा वाचला.

याच सूट देण्याच्या पद्धतीतून कूर्गच्या कोडवा समाजालाही सवलत मिळाली होती. ती आजही चालू आहे. केंद्र सरकारने २०१९ मध्ये तिला २०२९ पर्यंत मुदतवाढ दिली.

भारतीय नेत्यांना हा कायदा झोंबला. १८८७ च्या मद्रास काँग्रेसमध्येच त्याविरुद्ध ठराव झाला. तिथे आणि १८९० च्या दशकातल्या ठरावांत दोन वेगळे सूर ऐकू येतात. एक सूर अपमानाचा : आम्ही निष्ठावान प्रजा असताना आमच्यावर अविश्वास का? नियम सगळ्यांना सारखे करा. दुसरा सूर शेताचा : जिथे जंगली जनावरं माणसं, गुरं आणि पिकं नासवतात तिथे परवाने सढळ हाताने द्या.

हा दुसरा सूर वाचला तेव्हा मी खुर्चीत सरळ बसलो. माझा पीएच.डी.चा विषय सव्वाशे वर्षांपूर्वीच्या राजकीय ठरावात बसला होता! कायद्याने फक्त स्वाभिमान दुखावला नव्हता, रानडुकरांचं फावलंही होतं.

१९२७ : नागपूरच्या रस्त्यावर तलवारी

पहिल्या महायुद्धानंतर नियम बदलले आणि वंशावरून मिळणारी सरसकट सूट गेली. मूळ कायदा मात्र राहिला. त्याला सर्वांत थेट आव्हान दिलं गेलं ते आपल्या नागपुरात.

१९२३ चा झेंडा सत्याग्रह तुम्हाला माहीत असेल. जमनालाल बजाज त्यात तुरुंगात गेले आणि नंतर वल्लभभाई पटेल सूत्रं सांभाळायला इथे आले. त्यानंतर चार वर्षांनी मंचरशा आवारी यांनी शस्त्र कायद्याविरुद्ध सत्याग्रह सुरू केला. आवारी हे नागपूरचे पारशी कार्यकर्ते, लोक त्यांना ‘जनरल आवारी’ म्हणत. बंगालमधल्या राजकीय कार्यकर्त्यांना खटला न चालवता डांबून ठेवलं होतं, त्यांची सुटका ही या आंदोलनाची मागणी होती. पद्धत सोपी होती : परवाना न घेता तलवार हातात धरून रस्त्यावर चालायचं आणि अटक करून घ्यायची. आवारींना तुरुंगवास झाला आणि तुरुंगात त्यांनी उपोषणही केलं.

आता यात विचार करण्यासारखं काय आहे ते पाहा. या लोकांना तलवारीने कोणाला मारायचं नव्हतं, डुकरंही हाकलायची नव्हती. मग शस्त्र कशासाठी? ‘शस्त्र बाळगू नकोस’ असं सांगणाऱ्या सरकारचा अधिकार नाकारण्यासाठी. झेंडा सत्याग्रहात झेंड्याचं जे काम होतं, तेच इथे तलवारीचं होतं. आजीच्या भाषेत सांगायचं तर हे ‘मान’ या कारणाचं राजकीय रूप.

आणि गांधीजी काय म्हणाले? १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीचं आवाहन करताना त्यांनी याच कायद्यावर कडक टीका केली होती. संपूर्ण देशाला निःशस्त्र करणारा कायदा हे ब्रिटिश राजवटीचं एक मोठं पाप, असा त्यांचा आशय होता. पण १९२७ मध्ये ‘यंग इंडिया’तून त्यांनी नागपूरच्या आंदोलनाला पाठिंबा नाकारला. हातात शस्त्र घेऊन केलेला कायदेभंग हा सविनय कायदेभंग होऊ शकत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

पहिल्या वाचनात मला हा विरोधाभास वाटला. माझ्या टिपणात मी ‘गांधींनी भूमिका बदलली’ असं लिहूनही टाकलं. नंतर कळलं, की दोन्ही ठिकाणी प्रश्नच वेगळे होते. १९१८ चा प्रश्न : सरकारने शस्त्र काढून घ्यावं का? १९२७ चा प्रश्न : सत्याग्रहीने शस्त्र हातात घ्यावं का? शस्त्र टाकायचं तर ते स्वेच्छेने टाकावं, कोणी हिसकावलं म्हणून नव्हे, हे म्हणणारा माणूस दोन्हींना ‘नाही’ म्हणू शकतो. तेव्हा कोणाच्याही दोन विधानांत विसंगती दिसली तर आधी पाहा की दोन्ही विधानं एकाच प्रश्नाची उत्तरं आहेत का.

अजून एक गोष्ट. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नागपुरात हिंदू-मुस्लिम दंगल झाली. म्हणजे एकाच वर्षात, एकाच शहरात शस्त्राचे दोन अर्थ समोर आले : सरकारला दाखवायचं शस्त्र आणि शेजाऱ्यावर उगारायचं शस्त्र. आवारींच्या सत्याग्रहाचा गौरव करताना हे दुसरं पान फाडून टाकता येत नाही.

माझी चूक

इथवर आल्यावर मी एक झकास मांडणी तयार केली. १८७८ मध्ये वसाहतीत परवाना, १९२० मध्ये मायदेशात परवाना. म्हणजे इंग्रजांनी आधी आपल्यावर प्रयोग केला आणि मग तोच कायदा घरी नेला! एका चर्चासत्रात मी हे मोठ्या उत्साहाने मांडलं. प्रश्नोत्तरात एका ज्येष्ठ बाईंनी शांतपणे विचारलं, “दुवा कुठे आहे?”

माझ्याकडे दुवा नव्हता. फक्त दोन तारखा होत्या.

विज्ञान शिकलेल्या आपल्या लोकांना हे खरं तर पाठ असतं, की सहसंबंध म्हणजे कारण नव्हे. पण इतिहासात आलं की आपण तेच विसरतो, कारण गोष्ट छान जुळते. नंतर शोधलं तेव्हा एक धागा मिळाला. महायुद्धाच्या शेवटी ब्रिटिश सरकारच्या समित्यांनी शिल्लक शस्त्रांचं काय करायचं यावर विचार केला, तेव्हा साम्राज्याच्या सीमेवरच्या टोळ्या आणि शहरांतले क्रांतिकारक या दोन्ही धास्ती त्यांच्यासमोर एकत्र होत्या. म्हणजे घर आणि वसाहत यांचा विचार एकाच टेबलावर होत होता, एवढं म्हणता येतं. ‘भारतीय कायद्याची नक्कल केली’ असं म्हणता येत नाही. पहिलं विधान कमी चमकदार आहे, पण ते उभं राहतं.

१९५९ आणि नंतर

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्याचं १३ वं कलम जरूर वाचा. त्यात दोन वाटा आहेत. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान २० इंच नळीची गुळगुळीत बंदूक, आणि खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक : या वाटेवर परवाना द्यावा अशी भाषा आहे. बाकी शस्त्रांसाठी मात्र अधिकाऱ्याला ‘योग्य कारण’ पटलं पाहिजे. आणि १४ व्या कलमात आणखी एक वाक्य आहे : अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येणार नाही. १६७१ चा १०० पौंडांचा नियम आठवा, म्हणजे या वाक्याचं वजन कळेल.

ब्रिटनने वगळलेलं ‘संरक्षण’ आपल्या कायद्यात असं नाव घेऊन बसलंय. पण कागदावरची वाट आणि चालण्याची वाट वेगळी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंधनं आणली. अभयारण्याच्या १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाला आपली नोंदणी करावी लागते. निवडणूक आली की शस्त्र ठाण्यात जमा करायचं. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली.

२०१२ मध्ये उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य झालं. त्याआधीच आजोबा गेले होते. बंदूक आणि तिची कागदपत्रं सांभाळणं काकांना झेपेना, त्यांनी ती जमा करून टाकली. कोणाला फार वाईट वाटलं नाही.

पण ‘पीकसंरक्षण’ हे कारण काही जमा झालं नाही. डुकरं येतच राहिली. आज विदर्भात त्या कारणाने काय रूप घेतलंय माहीत आहे? काही ठिकाणी सौर कुंपण, काही ठिकाणी रात्रभर जागल, आणि काही ठिकाणी तारेत सोडलेला चोरीचा करंट. त्या करंटने डुकरं मरतात, वाघ मरतात, आणि सकाळी शेतात जाणारी माणसंही मरतात. बंदूक परत द्या, असं मी म्हणत नाहीये. डनब्लेन वाचल्यावर ते इतक्या सहज म्हणता येत नाही. मी एवढंच म्हणतोय, की साधन काढून घेतलं तरी त्यामागचं कारण तिथेच राहतं, आणि ते दुसरं साधन शोधतं. माझ्या प्रबंधात आता यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे, आणि प्रश्नावलीत बंदुकीचा रकानाही आहे.

तुमच्यासाठी थोडक्यात

१. अर्जातला ‘कारण’ हा रकाना म्हणजे माणसाचं खरं कारण नव्हे. सरकार जे मान्य करतं, तेच माणूस तिथे लिहितो. त्या रकान्यावरून आधी सरकार कळतं, माणूस नंतर.

२. कायद्याबरोबर नियम, सूट आणि परिशिष्टं वाचा.

३. जाहीर कारण आणि आतल्या कागदपत्रांतलं कारण वेगळं असू शकतं. १९२० चं ब्रिटन विसरू नका.

४. दोन तारखांमध्ये दुवा दाखवता आला नाही तर त्या फक्त दोन तारखाच आहेत.

५. मुलाखतीत ज्या उत्तराला तुमच्याकडे रकाना नाही, ते उत्तर सोडू नका. वहीच्या मागच्या पानावर तरी लिहा.

आणि एक घरचा अभ्यास. तुमच्या घरातला एखादा जुना परवाना, दाखला किंवा अर्ज काढा. रेडिओचा असेल, सायकलचा असेल, रॉकेलच्या कार्डाचा असेल. त्यावर कारण काय लिहिलंय ते पाहा. मग घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा, खरं कारण काय होतं. दोन उत्तरं जुळली नाहीत तर तिथे तुमचा संशोधन प्रश्न असू शकतो. मला कळवा.

पुढच्या लेखात अभिलेखागारात पहिल्या दिवशी काय मागायचं, याबद्दल बोलू.